नाकाबंदीवरची लाळ आणि 75 वर्षांची नोंद

मुंबईत रात्री गाडी चालवणाऱ्याला नाकाबंदी नवी नाही. बॅरिकेड आडवे लावलेले असतात, हवालदार काच खाली घ्यायला सांगतो, तोंडासमोर यंत्र धरतो आणि आपण फुंकर मारतो. आकडा शून्य आला की गाडी पुढे जाते. या तपासणीबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती आणि आजही नाही. 2006 साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या 7 मजुरांना दारूच्या नशेतल्या चालकाने चिरडले होते. ती बातमी वाचलेल्या कोणालाही रस्त्यावरची फुंकर जाचक वाटू नये. शिवाय फुंकरीचा एक मोठा गुण असा, की तिचे मागे काही उरत नाही. यंत्राने दारूचे प्रमाण मोजले की तो श्वास हवेत विरतो आणि त्या माणसाविषयी दुसरे काहीही त्यातून पुन्हा कोणाला काढता येत नाही.

लाळेचे तसे नाही. अमली पदार्थ घेऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी आता लाळेच्या चाचण्या आल्या आहेत. केरळ आणि तेलंगणच्या पोलिसांनी त्या वापरायला सुरुवात केली, आणि आपल्याकडेही त्या नाकाबंदीवर नेहमीच्या होतील असे मी धरून चालले आहे. तोंडात काडी फिरवायची, ती किटमध्ये घालायची आणि काही मिनिटे रेघांची वाट पाहायची, इतकी ती सोपी आहे. मात्र त्या काडीवर लाळेबरोबर गालाच्या आतल्या त्वचेच्या पेशीही येतात आणि प्रत्येक पेशीत त्या माणसाचा संपूर्ण डीएनए असतो. डीएनए तपासणीसाठी प्रयोगशाळा मुद्दाम मागते तो नमुनाही बहुधा गालाच्या आतून, अशाच काडीने घेतलेला असतो. नशा तपासण्यासाठी घेतलेल्या नमुन्यातून कोणी डीएनए काढतो आहे, असा माझा आरोप नाही. तसा तो काढायचा नाही आणि काम झाल्यावर ती काडी नष्ट करायची, हे कुठल्या कायद्यात लिहिले आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी अनेक वर्षे परळच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम केले, त्यामुळे हा प्रश्न मला साहजिक सुचतो. आमच्याकडे नमुना घेण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असत: तो कशासाठी घेतला आहे, त्यावर कोणत्या तपासण्या होतील आणि तो किती दिवसांनी टाकून दिला जाईल. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली असेल, तर त्याच रक्तावर एचआयव्हीची तपासणी 'सहज म्हणून' कोणी केली नसती. तसे करणाऱ्याची नोकरीही टिकली नसती. मुदत संपली की नमुने जैववैद्यकीय कचऱ्याच्या ठरलेल्या पिशव्यांत जात आणि नोंदवहीत सही होत असे. एका साध्या खाजगी प्रयोगशाळेला जी शिस्त पाळता येते, ती राज्ययंत्रणेकडून अपेक्षिणे गैर ठरू नये.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 185 मध्ये दारूसाठी स्पष्ट मर्यादा आहे: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अमली पदार्थांसाठी असा कोणताही आकडा नाही. चालकाला वाहनावर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल असला पाहिजे, एवढेच तिथे म्हटले आहे. कलम 203 श्वासाच्या तपासणीविषयी आहे आणि त्यासाठीही पोलिसाला संशयाचे वाजवी कारण असावे लागते. कलम 204 रक्ताविषयी आहे. त्यात रक्त अटकेनंतर, पोलीस ठाण्यात, नोंदणीकृत डॉक्टरमार्फत घ्यायचे आहे. ही पायरी कायदा करणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवलेली दिसते, कारण शरीरातून काही काढून घ्यायचे असेल तर रस्ता ही त्याची जागा नव्हे. लाळेची काडी ही पायरी वगळून थेट गाडीच्या खिडकीत येते, आणि वाजवी संशयाची अट सरसकट नाकाबंदीत कशी पाळली जाते, हे रात्री रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

चाचणीच्या अचूकपणाचा मुद्दा मी थोडक्यात सांगते, कारण तो या लेखाचा मुख्य विषय नाही. रस्त्यावरचे किट ही प्राथमिक चाळणी आहे. तिचा निष्कर्ष प्रयोगशाळेत वेगळ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय पुरावा म्हणून धरता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर 2004 मध्ये अशी चाचणी रस्त्यावर सुरू केली, तेव्हा कॅमेऱ्यांसमोर ज्या पहिल्या चालकाला दोषी ठरवले गेले, त्याच्याबाबतचा निष्कर्ष पुढे प्रयोगशाळेत टिकला नाही. खोकल्याच्या औषधातले कोडीन या चाचण्यांत अफूजन्य पदार्थ म्हणूनच दिसते. खसखस खाल्ल्यावर लघवीत मॉर्फीनचा अंश सापडू शकतो, हे न्यायवैद्यक शास्त्रात जुने माहितीतले आहे, आणि आपल्याकडे दिवाळीला अनारसे खसखशीवरच थापतात. होळीची भांग हा आणखी एक पेच आहे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळलेली आहेत, पण लाळेतला अंश पानांचा की फुलोऱ्याच्या शेंड्याचा, म्हणजे गांजाचा, हे किट सांगू शकत नाही. भांग पिऊन गाडी चालवावी असे मी म्हणत नाही. शरीरात अंश सापडणे आणि गाडी चालवण्यास असमर्थ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोटार वाहन कायद्याने शिक्षा दुसरीला सांगितली आहे.

पण किट चुकले तर पडताळणी होऊ शकते आणि माणूस सुटू शकतो. नमुना मागे राहिला तर त्यावर असा उपाय नाही.

एप्रिल 2022 मध्ये संसदेने फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा संमत केला आणि तो त्याच वर्षी 4 ऑगस्टपासून लागू झाला. त्याआधी 1920 चा कैदी ओळख कायदा होता, त्यात बोटांचे व पावलांचे ठसे, शरीराची मापे आणि मर्यादित परिस्थितीत छायाचित्रे एवढेच येत होते. नव्या कायद्याने 'मापे' या शब्दात बुबुळाची व डोळ्याच्या पडद्याची प्रतिमा, सही, हस्ताक्षर, वर्तनविषयक गुणधर्म आणि जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण हे सारे घातले. हेड कॉन्स्टेबल दर्जाचा पोलीस ही मापे घेऊ शकतो. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जातात आणि घेतल्याच्या तारखेपासून 75 वर्षे ठेवली जातात. विशीतल्या मुलाची नोंद त्याच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत राहील, इतका हा काळ आहे.

या कायद्यात एक सवलत आहे आणि ती प्रत्येक मुंबईकराला माहीत असावी असे मला कळकळीने वाटते. केवळ अटक झालेल्या माणसावरचा गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि त्याला 7 वर्षे किंवा अधिक शिक्षा नसेल, तर जैविक नमुना द्यायला तो बांधील नाही. कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 6 महिने कैद आहे. अमली पदार्थाच्या निव्वळ सेवनासाठी एनडीपीएसच्या कलम 27 मध्ये कमाल शिक्षा 1 वर्ष आहे. म्हणजे नाकाबंदीवर पकडलेला चालक ठाण्यात गेल्यावर बोटांचे ठसे देण्यास नकार देऊ शकत नाही, पण जैविक नमुना देण्यास देऊ शकतो. संसदेने हा अधिकार त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. मात्र त्याने लाळ आधीच रस्त्यावर दिलेली असते. जो अधिकार ठाण्याच्या दारात सुरू होतो, तो दार येण्याच्या आधीच वापराबाहेर गेलेला असतो, आणि रात्री दोन वाजता, सुटकेची घाई असताना, कायद्यात असा नकार आहे हे त्या घाबरलेल्या माणसाला सांगणारे तिथे कोणी नसते.

नोंद पुसण्याची तरतूद कायद्यात आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर न्यायालयाने कारणे लिहून वेगळा आदेश दिला नसल्यास त्याची मापे नष्ट करायची आहेत. पण सप्टेंबर 2022 मध्ये आलेल्या नियमांनी यात एक पायरी घातली: त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करायची, त्याने पडताळणी करायची आणि मग वर शिफारस पाठवायची. मूळ कायद्यात जे आपोआप व्हायला हवे होते, ते नियमांनी निर्दोष माणसाच्या खेटे घालण्यावर सोपवले. अर्ज कुठे द्यायचा हे न कळणारा, वकील परवडत नसलेला, निकालाची प्रत मिळवण्यातच दमून गेलेला माणूस हे करील असे मला वाटत नाही, आणि आपल्या तुरुंगांतले कच्चे कैदी बहुतांशी याच थरातले असतात.

आमच्या इमारतीत मुंबई पोलिसांतून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. अत्यंत सरळ माणूस. त्यांच्याशी हा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "ताई, ज्याने काही केलेच नाही त्याला लाळेची भीती कशाला? उलट निर्दोष असेल तर तोच सुटेल." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. डीएनएने पहिल्याच मोठ्या खुनाच्या तपासात एका निर्दोष मुलाला वाचवले होते. 1980 च्या दशकात इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये दोन मुलींचे खून झाले, एका सतरा वर्षांच्या मुलाने कबुलीही दिली, आणि शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तपासणीने तो गुन्हेगार नसल्याचे दाखवले. जून 2025 मध्ये अहमदाबादला विमान कोसळले, तेव्हा ओळख न पटणारे मृतदेह नातेवाइकांच्या नमुन्यांशी जुळवूनच घरी पोहोचले. आपल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डीएनए तपासणीचे काम करणाऱ्यांविषयीही मला आदर आहे.

तरीही काकांना मी विचारले, "काका, तुमच्या नोकरीत सील फुटलेला मुद्देमाल कधीच पाहिला नाहीत का?" ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पाहिला. त्याला काय करणार?" माझ्या मते गोपनीयतेचा अर्धा प्रश्न याच उत्तरात आहे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि चालक असलेल्या अल्पवयीन मुलाचे रक्त सरकारी रुग्णालयातच बदलले गेल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही, म्हणून तो प्रकार उघड झाला. या एका घटनेतून डीएनएचे सामर्थ्यही दिसते आणि नमुना एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची साखळी किती कच्ची असू शकते तेही दिसते. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी नमुने बदलले जाऊ शकत असतील, तर ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्या नमुन्यांचे काय होत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. आणि दरवेळी कोणी मुद्दाम काही करावे लागते असेही नाही. जर्मनीत 2007 साली हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए तीन देशांतल्या अनेक गुन्ह्यांच्या जागी आढळत होता. 2009 मध्ये कळले की तो डीएनए नमुना घेण्याच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता. अशी चूक अत्यंत काटेकोर म्हणवणाऱ्या यंत्रणेतही वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

डीएनएची गोष्ट बोटांच्या ठशांपेक्षा वेगळी का, असेही काकांनी विचारले. बोटाचा ठसा फक्त माझा असतो. माझा डीएनए निम्मा आईकडून आणि निम्मा वडिलांकडून आलेला असतो, भावंडांत वाटलेला असतो आणि माझ्या मुलांत उतरलेला असतो. मी दिलेल्या संमतीने त्या सगळ्यांची माहिती दिली जाते. ओळखीसाठी काढलेल्या डीएनए प्रोफाइलमध्ये डीएनएच्या काही ठरावीक जागांचे आकडेच असतात, हे खरे आहे. पण मूळ नमुना शिल्लक असेल तर त्यातली सुमारे 3 अब्ज अक्षरे कधीही वाचता येतात, आणि आज ज्या गोष्टी वाचता येत नाहीत त्या 75 वर्षांत वाचता येऊ लागतील. आनुवंशिक आजार, पितृत्व, कुळ हे सारे त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका वैवाहिक वादात, मुलाची डीएनए तपासणी सरसकट मागता येणार नाही असे म्हटले, ते याच कारणाने. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2022 साली एक प्रकरण उघड झाले: लैंगिक अत्याचाराची तक्रार करताना एका स्त्रीने दिलेला नमुना पोलिसांनी जपून ठेवला आणि पुढे दुसऱ्याच गुन्ह्यात तिला अटक करण्यासाठी वापरला. असे होऊ शकते हे कळल्यावर किती स्त्रिया तपासणीला पुढे येतील?

आणि ही नोंद कोणाकोणाची होणार? अटक ज्यांना होते त्यांची. महाराष्ट्राला याचा इतिहास वेगळा शिकवायला नको. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना पोलिसांकडे हजेरी लावायला लावली. सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट त्याच व्यवस्थेचा भाग होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली धाड पडण्याची सवय गेली नाही. ज्या वस्त्यांत अटका जास्त, त्या वस्त्यांचे नमुने जास्त. आणि नमुने जास्त म्हणून पुढच्या तपासात जुळणीही त्यांच्याच घरांशी जास्त. डीएनए नातेवाइकांपर्यंत पोहोचत असल्याने एका भावाच्या अटकेने सारे भाऊबंद संशयाच्या यादीत येतात. जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने फेब्रुवारी 2021 मध्ये डीएनए विधेयकावर अहवाल दिला, तेव्हा जात किंवा समूह लक्ष्य होण्याची भीती त्यात नोंदवली होती. त्या विधेयकात निदान एक नियामक मंडळ आणि प्रयोगशाळांच्या मान्यतेची सोय तरी होती. जुलै 2023 मध्ये सरकारने ते मागे घेतले. बहुतेक तरतुदी 2022 च्या कायद्यात आल्या असल्याचे कारण दिले गेले. नियामक मंडळ मात्र त्या कायद्यात आलेले नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही ही उणीव भरली नाही. त्यात आनुवंशिक माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही आणि सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देण्याची मुभा आहे.

निर्दोष माणसांचे नमुने आणि नोंदी नष्ट करण्याचे बंधन घातले तर पोलीस हतबल होतील, असे म्हटले जाते. ब्रिटनचा अनुभव तसा नाही. तिथे 2001 मध्ये अटक झालेला आणि निर्दोष सुटलेला एक अकरा वर्षांचा मुलगा आणि ज्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले असा एक प्रौढ असे दोघे आपले नमुने नष्ट करा म्हणून युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले. 4 डिसेंबर 2008 ला 17 न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 2012 च्या कायद्यानंतर तिथे निर्दोष माणसांचे 17 लाखांहून अधिक प्रोफाइल काढून टाकले गेले, आणि मूळ नमुना प्रोफाइल तयार झाल्यावर, फार तर 6 महिन्यांत, नष्ट करण्याचे बंधन आले. गुन्हेगार पकडणे त्यामुळे थांबलेले नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि सरकारच्या हस्तक्षेपाला कसोट्या लावल्या: त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा. नाकाबंदीवरच्या लाळेला या कसोट्या लावल्या तर माझ्या मते ती पहिलीवरच अडखळते, कारण मोटार वाहन कायद्याची कलमे श्वास आणि रक्त यांची नावे घेतात, लाळेचे घेत नाहीत. अमली पदार्थांची चाचणी हवीच असेल, तर संसदेने तसे कलम लिहावे. त्यात पदार्थागणिक मर्यादा असाव्यात, पडताळणीचा नमुना डॉक्टरकडूनच घेतला जावा, लाळेवर दुसरी कोणतीही तपासणी करणे हा गुन्हा ठरावा, आणि चाचणी निर्दोष आली तर काडी चालकासमोर तिथेच नष्ट व्हावी. ज्याची चाचणी निर्दोष आली त्याची काडी ठेवून घेण्याचे मला एकही कारण सुचत नाही.

गेल्या महिन्यात मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आहे. त्यात तीन गोष्टी विचारल्या आहेत: महाराष्ट्रात 2022 च्या कायद्याखाली नेमलेला नोडल अधिकारी कोण आणि त्याचा पत्ता काय, मापे नष्ट करण्यासाठी आजवर किती अर्ज आले आणि त्यांपैकी किती मान्य झाले, आणि नाकाबंदीवर लाळेचे किट वापरले जात असल्यास वापरलेल्या किटची विल्हेवाट कोणत्या लेखी आदेशानुसार लावली जाते. अर्ज मराठीत आहे आणि शुल्क 10 रुपये आहे. दुसऱ्या जिल्ह्यांतून कोणाला हेच प्रश्न विचारायचे असतील, तर मसुदा मी पाठवीन. उत्तर आले की ते जसेच्या तसे इथे देईन.